शेळीनं न खाल्लेली सदाफुली

आमच्या भिंतीपलीकडच्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही फूलझाड शेळीला विचारल्याशिवाय लावलं नाही. लोक माळ्याला विचारतात, कुणी पंचांग बघतात, माझ्यासारखे शहाणे पुस्तकं चाळतात. मामा नव्या झाडाची एक फांदी तोडून परसातल्या चांदणीसमोर धरत. चांदणी म्हणजे त्यांची शेळी. अंगानं काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका आणि चेहऱ्यावर शाळातपासणीला आलेल्या साहेबाचा भाव. तिनं फांदी खाल्ली की मामा म्हणत, "ह्यो चारा हाय." तिनं हुंगून तोंड फिरवलं की म्हणत, "हे फूल हाय. लावा." वनस्पतींचं याहून सोपं वर्गीकरण मी आजवर कुठं वाचलं नाही, आणि याहून बिनचूकही नाही. चांदणीनं नापास केलेली सगळी झाडं, म्हणजे मामांच्या हिशेबात पास झालेली, पाण्यावाचून, खतावाचून आणि मुख्य म्हणजे माझ्या सल्ल्यावाचून वर्षानुवर्षं फुलत राहिली. त्यात पहिला नंबर सदाफुलीचा. सदाफुलीचं पान कडू. शेळी तिच्या वाऱ्याला उभी राहत नाही. ही एवढी गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात ठेवावी, कारण माझी सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

मामा माझे नात्यानं कुणी नव्हते. सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणे. त्यांचं घराणं मेंढरं राखणारं, करमाडच्या पलीकडचं. मामा तेवढे चार इयत्ता जास्त शिकले आणि गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर झाले. माझ्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हातात एक तर पोथी, नाहीतर फाईल. मी वैजापूरला आणि नंतर इथं शहरात कारकुनी करत करत हेडक्लार्क होऊन निवृत्त झालो. निवृत्तीच्या आदल्या वर्षी आम्ही दोघांनी शहराच्या टोकाला शेजारी शेजारी प्लॉट घेतले. टोक म्हणजे तेव्हाचं टोक. मागं मोकळं माळरान होतं, चांदणी तिथं चरायला जाई. आता त्या माळरानावर मोटारींची तीन शोरूम आहेत आणि शहराचं टोक कुठं गेलं ते मला रिक्षावाल्याला विचारावं लागतं. मामांची वस्ती त्याच सुमारास कारखान्यांच्या जमिनीत गेली. वस्ती सोडताना त्यांनी दोनच गोष्टी बरोबर आणल्या, असं मामी सांगत. एक चांदणीची आई, आणि दुसरं, दारातल्या सदाफुलीचं बी. पांढरं फूल, मध्ये लाल ठिपका. "कपाळ दोघींचं सारखंच," मामा म्हणत. शेळी काळी आणि फूल पांढरं, त्यामुळे मला हे साम्य कधी दिसलं नाही, पण मामांना दिसे.

मामांच्या बागकामाला बागकाम म्हणावं की दवाखाना, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, तळाशी सुईनं भोकं पाडून, त्यांत माती भरून ते भिंतीच्या सावलीत ओळीनं मांडत आणि रोज सकाळी गळ्यात पंचा टाकून राउंडला निघत. एखादं रोप मलूल दिसलं की खाली बसून त्याच्या बुडाला बोट लावत आणि म्हणत, "पोट बिघडलंय. आज उपास." कर्दळीचं बी बंदुकीच्या छऱ्यासारखं टणक असतं, मामा ते उंबऱ्याच्या दगडावर एकेक करून घासत बसत, आणि उंबरा ओलांडायचा असेल तर पाहुण्यानं थांबायचं. सदाफुलीच्या शेंगा तडकून बी मुंग्यांच्या स्वाधीन होऊ नये म्हणून पिकत्या शेंगांवर जुने पायमोजे चढवलेले असत. आमच्याकडं प्रथमच आलेल्या व्याह्यांनी भिंतीवरून ते दृश्य पाहिलं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "शेजारी बरे आहेत ना?"

शिवाय खिशात कायम गुलबक्षीचं बी. मोकळी माती दिसली की मामांचा अंगठा शिवशिवे. एकदा मी त्यांना स्कूटरवर मागं बसवून पेन्शनच्या कामाला निघालो होतो. क्रांती चौकात सिग्नल लागला. मी मान न वळवता त्यांना गुलाबाच्या छाटणीबद्दल सांगत होतो. सिग्नल सुटला, मी निघालो, आणि छाटणीनंतर खत कोणतं द्यावं इथपर्यंत पोचलो तेव्हा कचेरी आली होती. "काय मामा, पटतंय का?" म्हणून मागं पाहिलं तर मागं कुणी नाही. परत चौकात आलो. मामा दुभाजकावर उकिडवे बसून अंगठ्यानं मातीत बी टोचत होते आणि एक हवालदार कमरेवर हात ठेवून त्यांच्यापुढं उभा होता. "साहेब," मामा मला पाहून म्हणाले, "ह्यांच्या घरी पण मोकळी जागा हाय म्हणं. तुमच्या गाडीत कागुद हाय का? पुडी बांधून देतो." पुढं तो हवालदार दर दसऱ्याला मामांना सोनं द्यायला येई. मला मात्र त्यानं त्याच दिवशी हेल्मेटवरून अडवलं होतं.

आता थोडं माझ्या बागेविषयी. माझ्याकडं हिरवळ होती, म्हणजे असायची होती. कलमी गुलाब होते. परदेशी फुलांची चकचकीत पाकिटं मी मागवत असे. पाकिटावरचं चित्र मी इतका वेळ बघे की उगवण्याची गरज उरत नसे, आणि बी बहुधा ते ओळखून उगवतही नसे. तरीही ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात 'बाग : शास्त्र आणि दृष्टी' या विषयावर मी दोनदा व्याख्यान दिलं. दोन्ही वेळा मामा पहिल्या रांगेत बसून मन लावून ऐकत होते. दुसऱ्या व्याख्यानानंतर त्यांनी माझ्या हातावर सदाफुलीच्या बियांची पुडी ठेवली आणि म्हणाले, "लई भारी बोलले. आता हे लावा, म्हंजे कायतरी उगवंल."

मग ती दुष्काळाची वर्षं आली. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. नळाला आठव्या दिवशी पाणी, तेही कधी येईल त्याचा नेम नाही. टँकर आला की गल्लीतली सगळी प्रतिष्ठा घागरी घेऊन रांगेत उभी. इथं मला पहिली कबुली द्यायची आहे. माझ्या परसात बोअर होती. पहाटे दहा मिनिटं तिला पाणी येत असे. आणि मी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं की ती आटली. माझा युक्तिवाद असा होता की दहा मिनिटांचं पाणी वीस घरांना वाटलं तर कुणाचंच भागायचं नाही, त्यापेक्षा एकाचं तरी पूर्ण भागावं. तो एक कोण असावा, यावर मी फार विचार केला नाही. मामा आणि मामी माझ्या फाटकावरून टँकरच्या घागरी नेत, आणि मी फाटकात उभा राहून "काय दिवस आलेत मामा!" असं म्हणत असे. हे वाक्य मी दर खेपेला म्हणत असे. माझी बायको ते ऐकून आत निघून जाई.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला मामांनी सदाफुलीची चाळीस रोपं केली होती. चिमटीएवढी, चार-चार पानांची. त्यांना पाणी देण्यासाठी मामांनी गुरांना टोचायची जाडजूड सिरिंज काढली. तिला ते नुसतं 'सुई' म्हणत. भांडी विसळलेल्या पाण्यातून सुई भरायची आणि एकेका रोपाच्या बुडाशी एकेक सुई सोडायची. अशात गावाकडून निरोप आला, धाकटा भाऊ बैलगाडीवरून पडला, पाय मोडला. मामा-मामींना दहा दिवस जाणं भाग होतं. मामांनी चाळीसही पिशव्या माझ्या भिंतीच्या कडेला आणून मांडल्या, चांदणीचा दोर माझ्या बायकोच्या हाती दिला आणि सुई माझ्या हाती.

"साहेब, दिसाला एक सुई. दोन नाय."

"अहो मामा, मी व्याख्यानं देतो."

"म्हनूनच सांगतो," मामा म्हणाले. "आन् चांदणी वरडंल तुमच्यावर. मनावर घेऊ नका. ती समद्यांवरच वरडती."

पहिले दोन दिवस मी चाळीस वेळा वाकलो. चांदणी रवंथ करत माझ्याकडं पाहत होती, आणि माझ्या सगळ्या नोकरीत कुठल्या साहेबानं माझ्याकडं इतक्या स्पष्टपणे पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी कंबर धरली. तेव्हा मला शास्त्र आठवलं. माझ्या पुस्तकात 'भरपूर पाणी द्यावे' असं छापलेलं होतं. ते गुलाबाच्या प्रकरणात होतं, हे मी नंतर पाहिलं. मामांची सुई म्हणजे गरिबीची सवय, शास्त्र नव्हे, असा निष्कर्ष काढून मी पहाटे बोअर चालू केली आणि रबरी नळीनं चाळीसही पिशव्या काठोकाठ भरल्या. मन भरून आलं. चौथ्या दिवशी पुन्हा. पाचव्या दिवशी पुन्हा. सहाव्या दिवशी सकाळी पाहतो तर चाळीसही रोपं दुपारची वामकुक्षी घ्यावी तशी एका कुशीवर निजलेली. बुडाशी काळी, दोऱ्यासारखी बारीक. ज्या वर्षी अख्खं शहर घोटभर पाण्यासाठी रांगेत उभं होतं, त्या वर्षी मी चाळीस रोपं पाण्यात बुडवून मारली.

"सरळ सांगा ना मामांना, पाणी जास्त झालं म्हणून," बायको म्हणाली.

"आणि कुठून आलं विचारलं तर?"

मी परसात येरझाऱ्या घातल्या. चांदणी बघत होती. आणि तिच्याकडं बघता बघता मला सुचलं. चौतीस वर्षं सरकारी कागद रंगवलेल्या माणसाला पुराव्याचं महत्त्व कळतं. मी कुजलेली रोपं उपटून खड्ड्यात पुरली, माती वाळू दिली, दोन-तीन पिशव्या आडव्या पाडल्या. मग चांदणीच्या खुंट्याजवळच्या लेंड्या कागदात गोळा केल्या आणि भिंतीच्या कडेला नेऊन ठेवल्या. नुसत्या टाकायला मन धजेना, सवयीनं ओळीत ठेवल्या.

बायकोनं खिडकीतून पाहिलं. "बिचारीला वकील नाही म्हणून," एवढंच ती म्हणाली.

मामा दहाव्या दिवशी आले. मी फाटकातच गाठलं आणि चेहरा पाडून सांगितलं, दोर सुटला, मी देवळात गेलो होतो, परत येतो तो सगळं साफ. मामा भिंतीशी जाऊन उकिडवे बसले. एक पिशवी उचलली, माती चिमटीत घेतली, नाकाशी नेली. मग लेंड्यांकडं बराच वेळ पाहिलं.

"लई शिस्तीत पडल्यात," ते म्हणाले.

मी घसा खाकरला. मामांनी वळून चांदणीकडं पाहिलं. ती त्यांना बघून ओरडत होती, दोर ताणून पुढं येत होती.

"चांदणे," मामा म्हणाले, "बेइमान निघालीस की गं."

चार दिवसांनी त्यांनी तिला गावाकडं, भावाकडं नेऊन सोडलं. मी म्हणालो, "अहो, एवढं काय मामा, मुकं जनावर." ते म्हणाले, "नाय साहेब. एकदा तोंड लागलं की जनावर सुधरत नाय." मामा-मामींना करमाडच्या गाडीला बसवायला मी स्वतः स्टँडपर्यंत गेलो होतो. शेळीला टपावर चढवताना मी मागून हात लावला. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तपासणी संपवून शेरा लिहून झालेल्या साहेबासारखं.

मामांनी डब्यातलं उरलेलं बी काढलं आणि पुन्हा चाळीस पिशव्या भरल्या. कंपाउंडर माणूस, निम्मं बी नेहमी राखून ठेवायचा. त्यांची सदाफुली पुढं गल्लीभर झाली, माझ्याही दारात झाली, आणि लोक मलाच विचारायला येत म्हणून माझं तिसरं व्याख्यानही झालं. पण मामा पुन्हा कधी फांदी घेऊन 'हे फूल हाय' म्हणाले नाहीत. विचारायचं कुणाला? सकाळी राउंडला निघताना ते सवयीनं रिकाम्या खुंट्याशी थांबत, जिभेनं टक् करून हाक दिल्यासारखं करत, आणि मग पुढं जात. ती टक् मला भिंतीअलीकडं ऐकू येई. मग मी पेपर जरा वर धरत असे. दर वर्षी ते मला बियांची पुडी देत राहिले. गावाला जाताना रोपांना पाणी घालायला मात्र त्यांनी मला पुन्हा कधी सांगितलं नाही. समोरच्या घरच्या शिकवणीच्या बाईंना सांगत. मला झालेली शिक्षा म्हणाल तर एवढीच.

मी त्यांना सांगणार होतो. पाऊस झाला की सांगू, असं ठरवलं. पाऊस झाला. मग त्यांचा मोतीबिंदू, मग माझी बायको गेली, मग त्यांना छातीचं दुखणं. सांगायला अठरा वर्षं होती, आणि मी दर वर्षी योग्य वेळेची वाट पाहिली. मामा एका सकाळी राउंड संपवून ओट्यावर बसले ते तसेच गेले.

वर्षभरात ते घर बिल्डरकडं गेलं. मामी दिराकडं गावी राहायला निघाल्या, तेव्हा एक कापडी पिशवी घेऊन माझ्याकडं आल्या. आत ती सुई आणि लग्नपत्रिकेच्या पाकिटात सदाफुलीचं बी. म्हणाल्या, "तुम्हाला द्या म्हणले होते."

माझ्या तोंडून एकदम निघून गेलं. "मामी, चांदणीनं खाल्लं नव्हतं."

"ठाऊक हाय की," मामी म्हणाल्या. "तवाच ठाऊक होतं. सदाफुलीचं कडू पान शेळी खाती व्हय? अन् खाल्लं असतं तर बुडखे ऱ्हायले असते. ते मुळासकट गायब. अन् लेंड्या तर आठ दिवसांच्या वाळलेल्या. एस्टीत करमाड येईपर्यंत हासत होते. मानसं बघाया लागली."

"मग चांदणीला नेलं कशाला?"

"म्हणले, हितं ठिवली तर साहेबांना रोज तिचं तोंड बघावं लागंल."

मामी पिशवीचे बंद नीट करत होत्या. "बोअरचं पण ठाऊक होतं," त्या सहज म्हणाल्या. "पहाटं मोटरीचा आवाज भिंतीला यायचा ना. म्हनून तर रोपं तुमच्याकडं ठिवली. म्हणले, पाणी असलेल्या घरी रोपं मरत नसत्यात."

नंतर पाकीट उघडलं. त्यावर मामांच्या कंपाउंडरी अक्षरात, दिवसाच्या डोसासारखं, लिहिलं होतं : 'साहेब. दिसाला एक सुई. दोन नाय.'

ते बी मी लावलं. दोन महिन्यांत रोपं झाली, फुलं आली, पांढरी, मध्ये लाल ठिपका. मग मी दोन फुलस्केप कागदांवर रीतसर निवेदन लिहिलं, एक रोप कुंडीत घेतलं आणि एस्टीनं करमाडला गेलो. तिथून पुढं रिक्षा. वाटेत दोन्ही बाजूंना कारखान्यांची कुंपणं. मामांची वस्ती त्यांपैकी कुठल्या कुंपणाआड आहे ते रिक्षावाल्यालाही सांगता आलं नाही. मामींचे दीर पाय ओढत पुढं आले. म्हणालो, मला चांदणीचं कुणी दाखवा. त्यांनी काही विचारलं नाही. मामींनी सांगितलं असावं. त्यांनी गोठ्यातून एक काळी पाठ, म्हणजे तरणी शेळी, आणली, चांदणीच्या लेकीची नात. कपाळावर तोच पांढरा ठिपका आणि तोच तपासणीचा भाव. मी कुंडी तिच्यासमोर धरली. तिनं फूल हुंगलं. पान हुंगलं. मग तोंड फिरवलं.

"फूल हाय," दीर म्हणाले.

मी खिशातून निवेदन काढलं आणि चष्मा शोधू लागलो. तेवढ्यात तिनं मान पुढं करून दोन्ही कागद माझ्या हातातून ओढले आणि माझ्यादेखत, घाई न करता, खाऊन टाकले. मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या. दीर म्हणाले, "जाऊ द्या साहेब. पोचलं तिला."

म्हणून हे पुन्हा लिहावं लागलं. तेही बरंच झालं म्हणायचं. पहिल्या निवेदनात मी बोअरचा मुद्दा जरा सौम्य शब्दांत घातला होता आणि देवळात गेल्याचं तसंच ठेवलं होतं. मी देवळात गेलो नव्हतो. दोर सुटला नव्हता. शेळी निर्दोष होती.

भिंतीपलीकडं आता चार मजल्यांची इमारत आहे. तिथलं माणूस मला ओळखत नाही. सकाळी मी गळ्यात पंचा टाकून राउंडला निघतो. भिंतीशी चाळीस पिशव्या आहेत. एकेका रोपाच्या बुडाशी एकेक सुई सोडतो. हात थरथरतो, त्यामुळं कधी कधी दीड होते. तेवढं मामा चालवून घेतील. दोन मात्र होऊ देत नाही.